नाव परत घेताना : घटस्फोट, बँकखाती आणि पेढीचे कागद

समाजातील व्यापारी घरांत घटस्फोटाचा विषय आजही दाराआड, हलक्या आवाजात निघतो. दोन्हीकडची वडीलधारी मंडळी चार बैठका घेतात, एखादे मध्यस्थ काका समजूत घालतात, दागिने आणि देण्याघेण्यावर एकमत होते, वकील संमतीच्या अटी लिहून काढतात. न्यायालयाचा हुकूमनामा हाती पडला की उभय घरांना सुटल्यासारखे वाटते आणि कागद कपाटात जातो. परंतु विषय तिथे मिटलेला नसतो. वर्ष-दीड वर्षाने एखाद्या ठेवीची मुदत संपते, प्राप्तिकराचा परतावा अडकतो, किंवा पूर्वीच्या सासरच्या पेढीच्या कर्जखात्याची नोटीस माहेरच्या पत्त्यावर येऊन थडकते. मुलगी घरी आली, पण तिचे नाव अजून तिकडेच राहिले आहे, हे तेव्हा घरातल्यांच्या ध्यानात येते.

बँकेच्या काउंटरवर ती हुकूमनाम्याची प्रत पुढे करते आणि माहेरचे नाव खात्यावर लावून द्या असे सांगते. अधिकारी प्रत वाचतो आणि विचारतो, यात नवे नाव कुठे लिहिले आहे? प्रश्न खोचक वाटला तरी रास्त असतो. हुकूमनामा विवाह संपवतो. नावाविषयी तो बहुधा मौन पाळतो. अर्ज ज्या नावाने दाखल झाला तेच नाव त्यावर येते आणि ते बहुतेक वेळा सासरचेच असते. रिझर्व्ह बँकेच्या केवायसी निर्देशांत नाव बदललेल्या ग्राहकाचे जुने ओळखपत्र स्वीकारण्याची सोय आहे; मात्र त्यासोबत राज्य शासनाने दिलेले विवाह प्रमाणपत्र किंवा राजपत्रातील अधिसूचना असावी, असे तिथे म्हटले आहे. घटस्फोटाच्या हुकूमनाम्याचा उल्लेख त्या वाक्यात नाही. अनेक बँका हुकूमनामा, विवाह प्रमाणपत्र आणि शाळा सोडल्याचा दाखला अशी साखळी पाहून काम करून देतात. काही बँका राजपत्राशिवाय हलत नाहीत. जो विवाह संपला त्याचेच प्रमाणपत्र पुन्हा काढून आणायला लागणे हा त्या स्त्रीला थट्टेसारखा वाटणारा प्रकार आहे, पण माहेरच्या नावापासून सासरच्या नावापर्यंतचा दुवा तेवढ्याच कागदावर असतो. म्हणून ते फाडून टाकू नये, सांभाळून ठेवावे.

यावरचा सोपा उपाय संमतीच्या अटी लिहितानाच हाती असतो. परस्पर संमतीच्या घटस्फोटात पत्नी यापुढे अमुक पूर्ण नावाने ओळखली जाईल, असे एक कलम टाकून घ्यावे. नाव मराठीत आणि इंग्रजीत, आधारवर जसे स्पेलिंग हवे तसेच लिहावे. त्या एका ओळीने पुढच्या कित्येक खेपा वाचतात. हुकूमनाम्याच्या चार-पाच प्रमाणित प्रती त्याच वेळी काढून घ्याव्यात.

कायद्याबाबत अलीकडे उठलेली एक शंकाही इथेच दूर केलेली बरी. 2014 मध्ये जैन समाजाला राष्ट्रीय पातळीवर अल्पसंख्याक दर्जा मिळाला. त्याचा आधार घेऊन 2025 च्या फेब्रुवारीत इंदूरच्या कुटुंब न्यायालयाने जैन दांपत्याला हिंदू विवाह कायद्याखाली घटस्फोट मागता येत नाही असा निर्णय दिला होता. मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने पुढच्याच महिन्यात तो रद्द ठरवला. 1955 च्या त्या कायद्याच्या दुसऱ्या कलमात जैनांचा उल्लेख स्पष्ट आहे. तेव्हा हुकूमनामा त्या कायद्याखालचा आहे म्हणून बँकेने किंवा अन्य कोणी शंका घेण्याचे कारण नाही.

शहांचे शहा

आपल्याकडे नावाचा गुंता काहीसा वेगळा आहे. माहेरही शहा आणि सासरही शहा अशी घरे पुणे, सोलापूर, फलटण, बारामती या पट्ट्यात मोजता येणार नाहीत इतकी आहेत. सांगली-कोल्हापूरकडे पाटलांची मुलगी पाटलांकडेच जाते. अशा ठिकाणी विवाहाने आडनाव बदलत नाही, फक्त मधले नाव बदलते. वडिलांच्या जागी पती येतो, आणि घटस्फोटानंतर पुन्हा वडील. घरच्यांना हा बदल किरकोळ वाटतो. संगणकाला मात्र वाटत नाही. एका नोंदीत मधले नाव वडिलांचे, दुसरीत पतीचे आणि तिसरीत नुसते आद्याक्षर, एवढ्यावर आधार आणि पॅनची जोडणी अडते. काही घरांत लग्नात मुलीचे पाळण्यातले नावही बदलण्याची हौस असते. मग शाळेच्या दाखल्यावर एक स्त्री, बँकेत दुसरी आणि डीमॅट खात्यात तिसरी अशी स्थिती होते. अशा वेळी राजपत्राला पर्याय नाही. महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात नावबदलाची सूचना शासकीय मुद्रण व लेखनसामग्री विभागाकडे ऑनलाइन अर्ज करून देता येते. त्यात जुने नाव आणि नवे नाव शेजारी-शेजारी छापले जाते. अर्जातील स्पेलिंगची चूक राजपत्रात तशीच छापली जाते आणि तिथून सर्वत्र पसरते, म्हणून मसुदा दोघांनी वाचावा.

त्याआधी नाव बदलायचेच आहे का, हा प्रश्न स्त्रीने स्वतःला शांतपणे विचारावा. विवाहानंतर पतीचे नाव लावले पाहिजे अशी सक्ती कायद्यात नाही, आणि घटस्फोटाने नाव आपोआप बदलतही नाही. मुलांच्या शाळेत, वस्तू व सेवा कराच्या नोंदणीत, वीस वर्षांच्या गुंतवणुकीत एकच नाव चालत आले असेल आणि समोरच्या पक्षाची हरकत नसेल, तर ते तसेच ठेवण्यात कमीपणा नाही. शिवाय एक अडचण फारच थोड्यांना ठाऊक असते. आधारवर नाव बदलण्याची मुभा आयुष्यात दोनदाच आहे. लग्नाच्या वेळी एकदा वापरली, घटस्फोटानंतर दुसऱ्यांदा वापरली की साधा मार्ग संपतो. पुढे प्रादेशिक कार्यालयाकडे अपवाद म्हणून दाद मागावी लागते. तिशीतल्या मुलीच्या पुनर्विवाहाची बोलणी घरात चालू असतील, तर आधारवरचा बदल घाईने करू नये. केलाच तर माहेरचे नाव घेऊन पुढे तेच आयुष्यभर ठेवण्याचा विचार करावा. पारपत्राचे काम तुलनेने सुलभ आहे. 2016 च्या डिसेंबरपासून त्यासाठी विवाह प्रमाणपत्र किंवा घटस्फोटाचा हुकूमनामा मागितला जात नाही आणि विभक्त वा घटस्फोटित अर्जदाराला जोडीदाराचे नाव देणे बंधनकारक नाही.

पॅनविषयी स्त्रियांच्या मनात उगाच भीती असते. पॅनच्या अर्जात विवाहित स्त्रीकडूनही वडिलांचेच नाव घेतले जाते, पतीचे नाही. त्यामुळे कार्डावरची ती ओळ बहुधा मुळातच बरोबर असते. बदलायचे असते ते तिचे स्वतःचे नाव. क्रमांक बदलत नाही. व्यक्तीच्या पॅनमधील पाचवे अक्षर आडनावाचे पहिले इंग्रजी अक्षर असते. लग्नानंतर पॅन काढला असेल तर सासरच्या आडनावाचे अक्षर त्यात कायम राहते, नवे कार्ड आले तरी. त्याने काही बिघडत नाही. नवा क्रमांक मात्र कधीही काढू नये. एका व्यक्तीकडे दोन पॅन असणे हा दंडाला पात्र असलेला प्रकार आहे.

क्रम असा ठेवला तर ठेच कमी लागते : आधी राजपत्र, मग आधार, मग पॅन आणि त्यानंतर लगोलग बँक. पॅन आणि बँक यांच्यात महिनोन्महिने अंतर पडू देऊ नये. प्राप्तिकराचा परतावा ज्या खात्यात यायचा त्यावरील नाव पॅनशी ताडून पाहिले जाते आणि विसंगती असेल तर खाते प्रमाणित होत नाही. विवरणपत्र भरण्याच्या जून-जुलैच्या धांदलीत ही कामे काढू नयेत, दिवाळीनंतरचा निवांत काळ बरा. डीमॅट आणि म्युच्युअल फंड यांची पाळी बँकेनंतर येते, कारण तिथे बदललेले पॅन आणि नव्या नावाचा रद्द केलेला धनादेश मागतात. आजीने दिलेली कागदी शेअर प्रमाणपत्रे एखाद्या ट्रंकेत असतील तर तीही या निमित्ताने काढावीत. 2019 च्या एप्रिलपासून कागदी शेअरचे हस्तांतर बंद झाले आहे, आणि प्रमाणपत्रावरचे नाव डीमॅट खात्याशी जुळले नाही तर ते डीमॅट करताना हीच सारी साखळी पुन्हा द्यावी लागते.

सही

नावाबरोबर सही बदलते आणि तिकडे कोणाचे लक्ष जात नाही. सासरच्या आडनावाने सही करणारी स्त्री नव्या नावाने सही सुरू करते. बँक नमुना सही बदलून घेते. पण जुन्या सहीने दिलेले पुढील तारखांचे धनादेश व्यापाऱ्यांकडे पडून असतात आणि हप्त्यांचे आदेशही त्याच सहीचे असतात. सही जुळत नाही म्हणून धनादेश परत गेला तर तो केवळ तांत्रिक दोष, असे व्यापारी मंडळी समजतात. सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्ये लक्ष्मी डायकेम खटल्यात असे ठरवले आहे की, सहीतील फरकामुळे धनादेश न वटणे हेही परक्राम्य दस्तऐवज कायद्याच्या 138 व्या कलमाखाली येऊ शकते. म्हणून सही बदलण्याआधी बाहेर असलेल्या धनादेशांची यादी करावी आणि ते परत घेऊन नवे द्यावेत. हे काम एका संध्याकाळचे आहे.

इथवरच्या कामांना वेळ आणि खेपा लागतात, धोका फारसा नसतो. खरा धोका पुढे आहे आणि व्यापारी घरांत तो अधिक आहे, कारण आपल्याकडे सुनेच्या नावाने पुष्कळ काही असते आणि त्यातले तिला थोडेच माहीत असते. तिचे खाते मुनीमजी पाहतात, नेट बँकिंगचा संकेतशब्द दिराकडे, नोंदवलेला मोबाईल पतीचा, ईमेल सनदी लेखापालांच्या कार्यालयाचा आणि डिजिटल सहीचे यंत्रही त्याच कार्यालयाच्या खणात. यात प्रत्येक वेळी वाईट हेतू असतोच असे नाही. एकत्र घरात तशी वहिवाट असते. परंतु विवाह संपल्यावर ही वहिवाट चालू राहणे म्हणजे तिच्या नावाने दुसऱ्याने व्यवहार करणे होय. म्हणून नाव बदलण्याच्याही आधी मोबाईल क्रमांक आणि ईमेल बदलावा, बँकेत, आधारमध्ये आणि प्राप्तिकराच्या संकेतस्थळावर. त्यानंतर त्याच संकेतस्थळावरचे वार्षिक माहिती विवरण उघडून पाहावे. आपल्या पॅनवर कोणत्या बँकेत व्याज जमा झाले, कोणते शेअर विकले गेले, कोणत्या पेढीने काय दिले, ते बरेचसे तिथे दिसते. अनेक स्त्रियांना स्वतःच्या नावाची खाती प्रथम तिथेच कळतात. पतमाहिती संस्थांकडून स्वतःचा कर्ज-अहवाल, म्हणजे ज्याला सर्वजण सिबिल म्हणतात तो, काढून घ्यावा. सहकर्जदार किंवा जामीनदार म्हणून कुठे नाव आहे ते त्यात येते.

संयुक्त खात्यात नाव बदलणे आणि नाव काढणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नाव काढायला दोघांच्या सह्या लागतात. दोघांपैकी कोणीही काढू शकेल अशा पद्धतीच्या खात्यातून कोणीही एक जण पूर्ण रक्कम उचलू शकतो, आणि बँक त्याला अडवत नाही. मात्र एका धारकाने लेखी हरकत घेतली की बँका सहसा व्यवहार थांबवतात आणि दोघांच्या संयुक्त पत्राशिवाय पुन्हा सुरू करत नाहीत. बोलणी चालू असतानाच हे पत्र देणे शहाणपणाचे, आणि त्याची पोच घ्यावी. ठेवीवर पहिले नाव तिचे आणि पैसा सासरचा असे असेल, तर व्याज तिच्याच पॅनवर दिसत राहते आणि करविभाग विचारणा तिलाच करतो. डीमॅट खात्यातून एका धारकाचे नाव वगळता येत नाही. नवे खाते उघडून शेअर तिकडे वळवावे लागतात.

नामनिर्देशनाबाबत तर सर्वांचाच गैरसमज आहे. घटस्फोटानंतर माजी जोडीदार कायदेशीर वारस राहत नाही हे खरे, पण बँकेच्या नोंदीतील त्याचे नाव आपोआप पुसले जात नाही. ते दोन्ही बाजूंना लागू आहे. मुलाच्या आईवडिलांनीही त्याची खाती तपासावीत. नामनिर्देशित व्यक्ती मालक होत नाही, ती वारसांच्या वतीने रक्कम स्वीकारते, हे सर्वोच्च न्यायालयाने विम्याबाबत सरबती देवी खटल्यात आणि शेअर व म्युच्युअल फंडांबाबत 2023 मध्ये स्पष्ट केले आहे. तरीही रक्कम एकदा हाती गेल्यावर ती परत मिळवायला वारसांना दिवाणी न्यायालयाची पायरी चढावी लागते. विम्यात तर 2015 च्या दुरुस्तीनंतर जोडीदार, आईवडील आणि मुले यांना लाभार्थी नामनिर्देशित म्हणून रकमेवर हक्कच मिळतो. माजी पत्नीचे किंवा पतीचे नाव तसेच राहिले तर वादाला निमंत्रण. 1 नोव्हेंबर 2025 पासून बँक ठेवींसाठी चार जणांपर्यंत नामनिर्देशन करता येते, त्यामुळे मुले आणि आईवडील यांची नावे वाट्यासह घालता येतात. मृत्युपत्राचेही तेच. जैनांचे मृत्युपत्र विवाहाने रद्द होत नाही आणि घटस्फोट झाला म्हणून त्यातले नाव गळून पडेल या भरवशावर राहू नये, नवे करावे. धनकोंपासून संरक्षण म्हणून अनेक व्यापारी 1874 च्या विवाहित स्त्रियांच्या संपत्तीच्या कायद्याखाली पॉलिसी घेतात. त्यात पत्नीच्या नावाने न्यास निर्माण झालेला असतो, नुसता अर्ज देऊन तो मोडता येत नाही. संमतीच्या अटींत त्या पॉलिसीचा स्वतंत्र उल्लेख हवा.

पेढीतले नाव

सून भागीदार, सून जामीनदार, सुनेच्या नावाची जागा बँकेकडे गहाण. यातले काहीही हुकूमनाम्याने सुटत नाही, कारण बँक त्या दाव्यात पक्षकार नसते. पती-पत्नीने आपसांत ठरवले की कर्ज पतीने फेडायचे, तरी बँक दोघांकडेही मागू शकते. हे कटू वाटेल, पण बँकेने दोघांची पत पाहून पैसे दिलेले असतात.

भागीदारीतून बाहेर पडताना निवृत्तीचा लेख होतो, सह्या होतात आणि बहुतेक जण तिथे थांबतात. 1932 च्या भागीदारी कायद्याचे 32 वे कलम असे सांगते की, जाहीर सूचना देईपर्यंत निवृत्त भागीदाराची तिऱ्हाइताप्रती असलेली जबाबदारी चालूच राहते. ही सूचना निवृत्त होणारीनेही देता येते, पेढीवर अवलंबून राहावे लागत नाही. पेढी नोंदणीकृत असेल तर भागीदारी निबंधकांकडे नोंद, राजपत्रात प्रसिद्धी आणि त्या जिल्ह्यातील एका देशी भाषेतील वर्तमानपत्रात सूचना, ही तिन्ही कामे लागतात. वस्तू व सेवा कराच्या नोंदणीतही भागीदार वगळल्याची दुरुस्ती 15 दिवसांत दाखल करावयाची असते. ती पेढीने केली का, याची छापील प्रत मागून घ्यावी. तिच्या एकटीच्या मालकीचा धंदा असेल तर तिच्या बदललेल्या नावाची दुरुस्तीही त्याच मुदतीत करावी लागते.

जामिनाचे प्रकरण याहून नाजूक. रोख पत खात्याला दिलेला जामीन हा चालू जामीन असतो. 1872 च्या करार कायद्याचे 130 वे कलम असा जामीन पुढील व्यवहारांपुरता लेखी सूचना देऊन मागे घेण्याची मुभा देते; जामीनपत्रात तिने काय कबूल केले आहे ते आधी वाचावे. सूचना मिळाली की दक्ष बँक ते खाते तिथेच तोडते, म्हणजे त्या दिवसाची बाकी वेगळी ठेवून पुढचे व्यवहार नव्या खात्यात करते. खाते तसेच चालू ठेवले तर नंतर जमा होणारी प्रत्येक रक्कम जुन्या बाकीत वळती होत जाते आणि जामीनदाराची जबाबदारी घटत जाते. बँकेला तेच नको असते. म्हणून सूचना देण्याचा दिवस महत्त्वाचा. हंगामात माल भरलेला असताना बाकी फुगलेली असते, दिवाळीची उलाढाल आटोपली की ती उतरते. पूर्ण मुक्तता हवी असेल तर दुसरा जामीनदार देऊन बँकेकडून मुक्ततेचे पत्र घ्यावे लागते. ते संमतीच्या अटींवर सह्या होण्याआधी मागितले तर मिळण्याची शक्यता असते. नंतर सासरच्या मंडळींना घाई उरत नाही.

मुलांच्या खात्यांचा विषय बहुधा शेवटी आठवतो. अज्ञानाच्या खात्यावर पालक म्हणून वडील असतील आणि ताबा आईकडे आला असेल, तर पालक बदलण्यासाठी बँक न्यायालयाचा ताब्याविषयीचा आदेश मागते. त्या आदेशाची प्रमाणित प्रत वेगळी काढावी, कारण मुख्य हुकूमनाम्यात ताब्याचा मजकूर कधी कधी फक्त संमतीच्या अटींचा हवाला देऊन संपवलेला असतो आणि अटींचे ते पान प्रतीला जोडलेले नसते. मुलाच्या कागदांवर आईचे लग्नानंतरचे नाव असते. आईने स्वतःचे नाव बदलले तर शाळेत, आधारमध्ये आणि सुकन्या समृद्धीच्या पासबुकात तिची नोंद बदलून घ्यावी लागते. राजपत्राची एक जादा प्रत त्यासाठी मुलांच्या फाइलीत ठेवावी.